कंपनीच्या आयटीचा कारभार हातात आलाय? सुरुवात कुठून करायची

आयटीची जबाबदारी फार कमी जणांकडे ठरवून येते. आधीचा माणूस नोकरी सोडतो, कोणीतरी म्हणतं 'तुला संगणकातलं कळतं', आणि सर्व्हर, इंटरनेट, ईमेल, लायसन्स, पासवर्ड असं सगळं तुमच्या नावावर चढतं. सोबत मिळते ती एखादी जुनी एक्सेल फाइल आणि रॅकची किल्ली.

मी स्वतः या वाटेनं गेलो आहे आणि नंतर नव्याने हे काम अंगावर घेणाऱ्या बऱ्याच जणांबरोबर बसलोही आहे. बहुतेकांची अडचण एकाच जागी होते: काय काय आहे हे नीट कळायच्या आत दुरुस्तीला हात घातला जातो. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम शक्यतो मोडू नका. दहा माणसांची कंपनी असो की पाचशेंची, क्रम तोच राहतो. कामाचा आकार तेवढा बदलतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. यंत्रणा थरांची असते. सगळ्यात खाली वीज आणि जागा, त्यावर नेटवर्क, मग सर्व्हर आणि स्टोरेज, मग ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेस, मग लोकांची खाती आणि परवानग्या, आणि सगळ्यात वर लोक रोज वापरतात ती सॉफ्टवेअर. तक्रार जवळपास नेहमी वरच्या थरावर येते आणि कारण खाली कुठेतरी असतं. 'लॉगइन होत नाही' ही तक्रार घ्या. पासवर्ड बरोबर, खातं चालू, नेटवर्कही ठीक. मग सापडतं की त्या संगणकाचं घड्याळ मागे पडलंय. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली (ऑफिसची खाती सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत नेहमीच्या सेटिंगमध्ये जास्तीत जास्त ५ मिनिटांचा फरक चालवून घेते. त्यापुढे दार बंद. तास-दीड तास पासवर्ड रीसेट करत बसण्यापेक्षा खालून वर तपासत जायची सवय लावा.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

कागदपत्रं आणि माहिती:

- कंपनीच्या डोमेन नावाची नोंदणी कोणाकडे आहे, कोणत्या ईमेलवर आहे, मुदत कधी संपते
- इंटरनेट जोडणीचा करार, ग्राहक क्रमांक, तक्रार नोंदवायचा नंबर, मिळालेले स्थिर आयपी पत्ते (नेटवर्कवर यंत्राची ओळख असलेले आकडी पत्ते)
- सर्व्हर, फायरवॉल (आत-बाहेर जाणारी रहदारी गाळणारं यंत्र), स्विच (यंत्रं एकमेकांना जोडणारी पेटी) यांची बिलं, अनुक्रमांक आणि वॉरंटीच्या तारखा
- सॉफ्टवेअर लायसन्सची पत्रं: किती, कोणाच्या नावावर, नूतनीकरण कधी
- क्लाउड खात्यांची मालकी आणि बिल कोणत्या कार्डावरून जातं
- बॅकअप कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनची किल्ली
- बाहेरच्या व्हेंडरचे करार
- व्यवस्थापनाचं लेखी पत्र: तुम्ही नेटवर्क तपासू शकता, खाती बंद करू शकता, आणि आणीबाणीत यंत्रणा थांबवू शकता

शेवटचं पत्र मागायला लोक संकोचतात. ते पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. रात्री एखाद्या सर्व्हरवर हल्ला चालू असताना तो नेटवर्कवरून काढायचा अधिकार आपल्याला आहे का, हा प्रश्न त्या वेळी पडता कामा नये.

साधनं फार लागत नाहीत. एक पासवर्ड मॅनेजर, एक स्प्रेडशीट, आकृती काढायला काहीही, लेबलं, केबल टेस्टर, स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल, आणि नेटवर्कवर काय जिवंत आहे ते दाखवणारं एनमॅपसारखं मोफत सॉफ्टवेअर.

१. सुरुवातीला काहीही बंद करू नका

रॅकच्या खालच्या कप्प्यात किंवा कोणाच्या तरी टेबलाखाली एक जुनं मशीन गुरगुरत असतं. कोणालाही विचारा, उत्तर येतं, 'कोणी वापरत नाही.' ते बंद करण्याचा मोह होतो. करू नका. महिनाअखेरीचे पगार, तिमाही अहवाल, वर्षातून एकदा चालणारी एखादी स्क्रिप्ट अशाच मशीनवर बसलेली असते.

खात्री करायची पद्धत अशी. आधी त्यावर कोण जोडलं जातंय हे नेटवर्कवरून पाहा, ठरलेल्या वेळी चालणारी कामं पाहा. मग त्याची नेटवर्क केबल काढा, पण मशीन चालूच ठेवा. वर्षानुवर्षं न थांबलेलं यंत्र बंद केलं तर परत उठेलच असं नाही. केबल मात्र क्षणात परत लावता येते. निदान एक पूर्ण महिना जाऊ द्या, मधे महिनाअखेर आलीच पाहिजे. कोणी ओरडलं नाही, तरी पुसण्याआधी डिस्कची प्रत घेऊन ठेवा.

२. यादी करा, आणि एका स्रोतावर विसंबू नका

हिशेब खात्याकडे मालमत्तेची यादी असते. ती खरेदीची यादी आहे. आज प्रत्यक्ष काय चालू आहे ते तिच्यात नसतं. तीन याद्या समोरासमोर ठेवा: हिशेब खात्याची, डीएचसीपी सर्व्हरने (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारा) आयपी दिलेल्या यंत्रांची, आणि स्विचच्या मॅक पत्त्यांच्या (यंत्राच्या नेटवर्क भागाचा स्वतःचा क्रमांक) तक्त्यातली. एका यादीत आहे आणि दुसऱ्यात नाही, अशा प्रत्येक ओळीमागे जा. खरी माहिती त्याच ओळींत असते.

प्रत्येक यंत्रासमोर लिहा: नाव, जागा, अनुक्रमांक, आयपी, काय काम करतं, कोणत्या विभागाचं, बिघडलं तर कोणाला फोन करायचा, वॉरंटी कधीपर्यंत, आणि निर्मात्याचा आधार कधी संपतो. शेवटचा रकाना लोक गाळतात. विंडोज सर्व्हर २०१२ आर२चा आधार १० ऑक्टोबर २०२३ला संपला, विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ला. त्यानंतर सापडणाऱ्या त्रुटींसाठी नेहमीचे सुरक्षा पॅच (त्रुटी बुजवणारी दुरुस्ती) येत नाहीत. वाढीव आधार हवा तर वेगळी नोंदणी करावी लागते. ज्या मशीनला तोही नाही, ते निदान वेगळ्या नेटवर्कवर तरी ठेवावं लागतं.

यंत्रांइतकीच सॉफ्टवेअरची यादी महत्त्वाची. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावाच्या छोट्या लायब्ररीत गंभीर त्रुटी उघड झाली. दुरुस्ती लगेच उपलब्ध झाली, पण जगभरच्या आयटी विभागांना प्रश्न पडला तो वेगळाच: हे आपल्याकडे नेमकं कुठे कुठे आहे? ती लायब्ररी दुसऱ्या उत्पादनांच्या पोटात दडलेली होती. ज्यांच्याकडे यादी होती ते कामाला लागले, बाकीचे शोधत बसले.

एक इशारा. नेटवर्क स्कॅन करण्याआधी परवानगी लेखी घ्या आणि कामाच्या वेळेत जोरदार स्कॅन चालवू नका. जुने प्रिंटर आणि कारखान्यातली नियंत्रण यंत्रं साध्या स्कॅननेही अडकतात.

३. नेटवर्कचा नकाशा काढा

इथे वेळ द्या. रॅकसमोर उभं राहून एक एक केबल हाताने मागे नेत जायचं काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. पॅच पॅनेलच्या (केबली येऊन मिळतात ती पट्टी) १७ नंबरपासून निघालेली केबल स्विचच्या कोणत्या पोर्टात जाते, तिथून भिंतीतल्या कोणत्या सॉकेटला, तिथे कोण बसतं. दोन्ही टोकांना लेबल लावा, एकाच टोकाला लावून थांबू नका. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर असते, त्यात पॅच कॉर्डही धरायची. गोदामाच्या टोकाचा संगणक 'कधी चालतो, कधी नाही' असा वागत असेल तर आधी केबलची लांबी मोजा.

नकाशावर एवढं आलंच पाहिजे: इंटरनेट कुठून येतं, फायरवॉल कुठे, मुख्य स्विच कोणता, त्याला कोणते स्विच जोडलेत, कोणती आयपी श्रेणी कशासाठी, डीएचसीपी आणि डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) कोण चालवतं. पहिल्या खेपेला वहीच्या पानावर काढला तरी चालेल. तारीख मात्र घाला.

नवख्या माणसाला हमखास चकवणारे दोन बिघाड सांगतो.

पहिला: अर्ध्या ऑफिसचं नेट बंद, अर्ध्याचं चालू. ज्यांचं बंद आहे त्यांचा आयपी पत्ता पाहिला तर तो तुमच्या श्रेणीतला नाहीच, १९२.१६८.१ अशा कुठल्या तरी वेगळ्याच मालिकेतला आहे. कोणीतरी वायफाय नीट मिळत नाही म्हणून घरचा राउटर आणून भिंतीत जोडलेला असतो आणि तो आपल्या मर्जीने पत्ते वाटत सुटतो. त्या यंत्राचा गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) पाहा, गेटवेचा मॅक पत्ता काढा, स्विचच्या तक्त्यात तो कोणत्या पोर्टवर आहे ते शोधा, पोर्ट बंद करा. हे पुन्हा होऊ नये म्हणून स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग (परक्या यंत्राला पत्ते वाटू न देणारी सोय) चालू करा.

दुसरा: अचानक सगळंच ठप्प, स्विचचे सगळे दिवे एकत्र वेड्यासारखे लुकलुकतात. मीटिंगच्या खोलीत लोंबणारी केबल कोणीतरी 'नीट ठेवावी' म्हणून दुसऱ्या सॉकेटात खोचलेली असते आणि नेटवर्कला स्वतःचंच वर्तुळ झालेलं असतं. स्पॅनिंग ट्री चालू असलेला स्विच हे स्वतः रोखतो. तुमच्या स्विचवर ते चालू आहे का, आजच पाहा.

नकाशा झाला की वाटणी करा. पाहुण्यांचं वायफाय, कॅमेरे, प्रिंटर, कर्मचाऱ्यांचे संगणक आणि सर्व्हर एकाच सपाट नेटवर्कवर असतील तर एका कॅमेऱ्यातली फट थेट हिशेबाच्या सर्व्हरपर्यंत पोचवते. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) करून मधे फायरवॉलचे नियम ठेवा. आणि बाहेरून रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक चालवायची सोय) ३३८९ पोर्ट उघडा असेल तर बाकी सगळं सोडून तो आधी बंद करा. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) द्या, त्यावर दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज दुसरा पुरावा) लावा.

४. काय कशावर उभं आहे ते शोधा

प्रत्येक विभागप्रमुखाला दोनच प्रश्न विचारा. ही सेवा किती वेळ बंद राहिली तर काम खरोखर अडतं? आणि किती वेळची माहिती गेली तर पुन्हा भरून काढता येईल? पहिल्या उत्तराला आरटीओ म्हणतात, दुसऱ्याला आरपीओ. उत्तरं लेखी घ्या. सगळे आधी 'शून्य' म्हणतात. मग त्याला काय खर्च येतो हे सांगितलं की खरा आकडा बाहेर येतो.

त्यानंतर प्रत्येक सेवेच्या खाली काय काय आहे ते लिहा, शेवटपर्यंत. ईमेल डीएनएसवर अवलंबून, डीएनएस डोमेनच्या नोंदणीवर, नोंदणीचं नूतनीकरण एखाद्या सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर. अशी साखळी सापडली की ती दुसऱ्याच दिवशी तोडा.

गोल फिरणाऱ्या साखळ्या सगळ्यात घातक. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुकच्या जाळ्यातल्या एका बदलामुळे त्यांचे डीएनएस सर्व्हर जगापासून तुटले आणि सेवा सुमारे ६ तास बंद राहिल्या. दुरुस्तीला लागणारी त्यांची आतली साधनंही त्याच जाळ्यावर होती, त्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. तुमच्याकडचं छोटं रूप असं असतं: सर्व्हरचा पासवर्ड त्याच सर्व्हरवरच्या फाइलमध्ये. इंटरनेट कंपनीचा तक्रार नंबर फक्त ईमेलमध्ये. आणीबाणीला लागणारी दोन-तीन पानं छापून कुलपात ठेवा.

५. किल्ल्या कोणाकडे आहेत

डोमेन, क्लाउड आणि ईमेलची मुख्य खाती कंपनीच्या नावावर असली पाहिजेत. व्हेंडरच्या किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर असतील तर मालकी बदलून घ्या, नातं गोड असतानाच. भांडण झाल्यावर हे काम महिनोन्महिने अडकतं.

अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, रोजच्या कामाचं वेगळं. तुमचंसुद्धा. आणीबाणीसाठी एक जास्तीचं अ‍ॅडमिन खातं ठेवा, त्याचा लांबलचक पासवर्ड बंद पाकिटात कुलपाखाली, आणि ते वापरलं गेलं तर लगेच कळेल असा अलर्ट लावा. दुहेरी पडताळणी सगळ्यांना लावायची आहे, पण सुरुवात अ‍ॅडमिन आणि हिशेब खात्यापासून करा.

दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावणं सोडा. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतच ठरावीक मुदतीने सक्तीने बदल करायला लावू नये असं सांगितलं. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात, एवढंच त्यातून होतं. पासवर्ड लांब असू द्या आणि फुटल्याचा संशय आला की लगेच बदला.

इथला सापळा म्हणजे सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाऐवजी एखादं सॉफ्टवेअर वापरतं ते खातं. जुन्या माणसाच्या नावाचं खातं बंद केलं आणि रात्रीचा बॅकअप थांबला, असं सर्रास होतं, कारण बॅकअप त्याच्या खात्यावरून चालत होता. कोणतंही खातं बंद करण्याआधी ते कुठल्या सेवेत, कुठल्या ठरलेल्या कामात वापरलंय ते शोधा. आणि मनुष्यबळ विभागाशी पक्कं ठरवा: माणूस जातोय हे तुम्हाला त्याच्या शेवटच्या दिवसाआधी कळलं पाहिजे.

६. बॅकअप, आणि त्याहून महत्त्वाचा रिस्टोर

या लेखातलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

आधी गैरसमज. रेड (माहिती एकाच वेळी दोन किंवा जास्त डिस्कवर ठेवण्याची पद्धत) म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तर रेड काम चालू ठेवतं, पण कोणी फाइल पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. क्लाउडवर सिंक होणारा फोल्डरही तसाच. रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली लॉक करणारं सॉफ्टवेअर) लॉक केलेल्या फाइली तो इमानेइतबारे वर पाठवतो.

पाळायचा नियम ३-२-१ या नावाने ओळखला जातो: माहितीच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली १ दुसऱ्या जागी. त्यात आता आणखी एक जोड हवीच: एक प्रत अशी असावी की तुमच्या नेहमीच्या अ‍ॅडमिन खात्यालाही ती पुसता येणार नाही. हल्लेखोर आत आले की आधी बॅकअप शोधतात. बॅकअप सर्व्हर मुख्य डोमेनला (ऑफिसच्या खात्यांच्या यंत्रणेला) जोडलेला असेल आणि तोच पासवर्ड तिथेही चालत असेल, तर तो बॅकअप त्यांचाही आहे.

'दुसरी जागा' हे शब्द गंभीरपणे घ्या. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, आणि ज्या ग्राहकांच्या प्रती त्याच परिसरात होत्या त्यांतल्या काहींची माहिती कायमची गेली. २०१७च्या जूनमधल्या नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरच्या हल्ल्यात मेर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर (खाती आणि लॉगइन सांभाळणारे सर्व्हर) जवळपास सगळे एकाच वेळी गेले. ते एकमेकांची प्रत होते, वेगळा बॅकअप नव्हता. घानातल्या ऑफिसात वीज गेलेली असल्याने तिथला एक तेवढा नेटवर्कपासून तुटून वाचला होता, आणि त्यावरून सगळं उभं करावं लागलं. अंधारात पडलेल्या एका सर्व्हरवर जगभरची कंपनी उभी राहिली. तुमच्या कंपनीला असा योगायोग लाभेल यावर विसंबू नका.

आता रिस्टोर, म्हणजे बॅकअपवरून माहिती परत उभी करणं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसची फाइल-निर्देशिका पुसली गेली. त्यांनीच नंतर जाहीर केलं की बॅकअप आणि प्रतिकृतीच्या ५ पद्धतींपैकी एकही भरवशाने चालत नव्हती. रोजचा बॅकअप अपयशी ठरत होता, कारण प्रत घेणारं साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं होतं. आणि अपयशाची सूचना देणारे ईमेल डीएमएआरसीच्या (ईमेल पाठवणारा खरा आहे का ते पाहणारा नियम) तपासणीत नाकारले जात होते, त्यामुळे कोणालाच पत्ता नव्हता. शेवटी सुमारे ६ तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत कामी आली. हे सगळं त्यांनी उघडपणे लिहिलं याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. आपल्यासारख्यांना त्यातून फार शिकता येतं.

रिस्टोरची तालीम अशी करा:

क. एक महत्त्वाची सेवा निवडा, शक्यतो हिशेबाची किंवा ऑर्डरची.
ख. मूळ सर्व्हरला हात न लावता वेगळ्या नेटवर्कवर रिकामं मशीन घ्या. नेटवर्क वेगळंच हवं, नाहीतर परत उभी केलेली प्रत खऱ्या ग्राहकांना ईमेल पाठवायला लागते.
ग. घड्याळ लावा. दुसऱ्या जागेवरची प्रत आणा, एन्क्रिप्शनची किल्ली शोधण्यापासून सुरुवात करा. किल्ली सापडली नाही तर तालीम तिथेच संपली आणि तुम्हाला फार मोलाची गोष्ट कळली.
घ. सेवा चालू झाली की त्या विभागातल्या माणसाला बोलवा आणि कालची शेवटची नोंद दाखवायला सांगा. 'रिस्टोर यशस्वी' हा सॉफ्टवेअरचा संदेश पुरावा धरू नका.
ङ. लागलेला वेळ लिहा आणि चौथ्या पायरीत घेतलेल्या आरटीओशी ताडून पाहा. आकडा मोठा असेल तर तो व्यवस्थापनापुढे ठेवा. पुढच्या खरेदीसाठी याहून चांगलं कारण मिळणार नाही.

तिमाहीत एकदा तरी हे व्हावं, आणि दर वेळी वेगळ्या सेवेचं.

७. पॅच: उशीरही नको, एकदम सगळीकडेही नको

वॉनाक्राय हे रॅन्समवेअर १२ मे २०१७ला पसरलं. ज्या त्रुटीतून ते शिरलं तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. जवळपास दोन महिने हातात होते.

दुसरी बाजूही आहे. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली. दुरुस्ती साधी होती, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण एका एका यंत्रापाशी जाऊन, आणि डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने लॉक असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की टाकून. त्या की कुठे ठेवल्या आहेत हे तुम्हाला आत्ता सांगता येईल का? येत नसेल तर वाचन थांबवून आधी ते शोधा.

म्हणून तीन टप्पे ठेवा. आधी तुमचं आणि दोन-चार तयार सहकाऱ्यांचं मशीन, दोन-तीन दिवसांनी एक विभाग, मग बाकी सगळे. इंटरनेटला उघड्या असलेल्या फायरवॉल आणि व्हीपीएनच्या गंभीर पॅचला मात्र ही वाट पाहणं लावू नका. ते त्याच रात्री. फायरवॉल आणि स्विचचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) हे अपडेटच्या यादीत नसतंच बऱ्याच ठिकाणी. घाला.

८. मॉनिटरिंग: थोडंच पाहा, पण रोज पाहा

नवीन साधन बसवलं की उत्साहात दोनशे अलर्ट लावले जातात आणि आठवड्याभरात ते सगळे एका न वाचलेल्या फोल्डरात जायला लागतात. पाच गोष्टींपासून सुरू करा: डिस्क किती भरली, कालचा बॅकअप झाला का, इंटरनेट चालू आहे का, यूपीएसची बॅटरी, आणि वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत. बॅकअपच्या बाबतीत 'अपयश आलं तर कळव' असं न ठेवता 'यशाची सूचना आली नाही तर ओरड' असं ठेवा. गिटलॅबची गोष्ट आठवा.

सर्टिफिकेटकडे आता जास्त लक्ष लागेल. वेबसाइटच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६पासून ती २०० दिवस, मार्च २०२७पासून १०० दिवस आणि मार्च २०२९पासून ४७ दिवस असं ठरलं आहे. हाताने नूतनीकरण करायचे दिवस संपत आले. स्वयंचलित नूतनीकरण आत्ताच बसवा.

९. क्लाउडवर असलात तरी काम तुमचंच

क्लाउड कंपनी यंत्रं, वीज आणि इमारत सांभाळते. कोणाला कशाची परवानगी, कोणती फाइल जगाला उघडी, कशाचा बॅकअप, हे तुमच्याकडेच राहतं. ईमेल क्लाउडवर आहे म्हणून त्याचा बॅकअप आपोआप आहे असं धरू नका. पुसलेली पत्रं ठरावीक मुदतीनंतर कायमची जातात.

करारातला सेवा चालू राहण्याचा ९९.९ टक्के हा आकडा वाचताना वर्षाचे तास काढा: पावणेनऊ तास बंद राहूनही तो पाळला गेला असं होतं. ९९.९९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटं. शिवाय भरपाई बहुधा पुढच्या बिलातली सूट एवढीच असते, तुमच्या थांबलेल्या कामाची नव्हे.

पहिल्याच दिवशी बिलावर मर्यादेचा अलर्ट लावा. चाचणीसाठी उभं केलेलं आणि विसरलेलं मशीन महिन्याच्या शेवटी बिलात दिसतं.

१०. वीज आणि हवा

थोडक्यात. यूपीएसच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या साधारण ३ ते ५ वर्षं टिकतात. बसवल्याची तारीख बॅटरीवरच लिहा. वीज गेल्यावर सर्व्हर स्वतःहून व्यवस्थित बंद होतो का, हे सुट्टीच्या दिवशी करून पाहा. सर्व्हरच्या खोलीत १८ ते २७ अंश सेल्सिअस तापमान ठेवा आणि तिथे पुठ्ठ्याचे खोके साठवू देऊ नका.

११. बदल आणि बिघाड दोन्ही लिहून ठेवा

प्रत्येक बदलाआधी चार ओळी: काय बदलणार, का, बिघडलं तर मागे कसं जायचं, कोणाला कळवलंय. मागे जायची वाट लिहिता येत नसेल तर बदल अजून तयार झालेला नाही. आणि आठवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी फायरवॉलचे नियम बदलू नका, कितीही छोटे असले तरी.

मोठा बिघाड आला तर दोन भूमिका वेगळ्या करा. एक जण दुरुस्ती करेल, दुसरा फक्त लोकांना माहिती देईल, ठरलेल्या अंतराने, नवीन काही नसलं तरी. दोन्ही एकानेच केलं की दोन्ही अर्धवट राहतात. हल्ल्याचा संशय असेल तर यंत्र नेटवर्कवरून काढा, पण बंद करू नका. मेमरीतले पुरावे बंद करताच जातात.

सगळं पूर्ववत झाल्यावर दोन-तीन दिवसांत एकत्र बसा. काय घडलं ते वेळेनुसार लिहा, माणसांना दोष न देता. प्रत्येक सुधारणेसमोर एक नाव आणि एक तारीख टाका, आणि ते पान पहिल्या दिवशी केलेल्या यादीशेजारी ठेवा. नवीन कोणी रुजू झालं की त्याला वाचायला आधी तेच द्या.